सिद्रामकाकांची फौजी सॅक

आमचे शेजारी सिद्रामकाका कोथिंबिरीची एक जुडी आणायलाही पाठीला फौजेची सॅक लावून निघतात. पट्टे आवळतात, छातीवरचं बक्कल लावतात आणि मगच जिना उतरतात. खिडकीत बसलेल्या महानंदाकाकू वरून हाक मारतात, "निघाली स्वारी शिमेवर! येताना मीठ आणा!"

काका फौजेत कधीच नव्हते. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. एकाच खांद्यावर चामडी पिशवी वागवून तो खांदा कायमचा झुकला. रिटायर झाल्यावर मंगळवार बाजारात लष्कराच्या लिलावातलं सामान विकणाऱ्याकडे त्यांना पहिली सॅक दिसली आणि, काकूंच्या शब्दांत, 'सवत घरात आली'. मग दुसरीही आली.

माझा जावई पहिल्यांदा सोलापूरला आला, तेव्हा चहाच्या आधी काकांनी त्याच्या पाठीवर ज्वारी भरलेली सॅक चढवली आणि त्याला गॅलरीत फिरवलं.

"कसं वाटतंय पावनं? खांद्याला लागतंय का?"

बिचारा भिडेनं नाही म्हणाला.

"बघा की! फौजेचा माल हाय, मरत न्हाय! शिवण बघा, शिवण!"

जावई आता आला की आधी काकांचं दार बंद आहे का ते बघतो.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण गच्ची ऐसपैस आहे. उन्हाळ्यात दिवस कलला की बायका तापलेल्या स्लॅबवर पाणी मारतात, वाफ निवली की गाद्या पडतात आणि सगळी बिऱ्हाडं वर झोपायला जातात. अर्धांगाच्या झटक्यानं काकूंचा पाय गेला, तेव्हापासून ती दोघं मात्र खालीच, पंख्याच्या गरम वाऱ्यात. वरच्या गप्पा ऐकू आल्या की काकू छताकडे बघत बसायच्या. त्यांची एकच इच्छा होती, पुन्हा एकदा आभाळाखाली झोपायचं. आम्ही खुर्चीवर बसवून वर नेतो म्हणालो, तर फटकारलंच त्यांनी. "चौघांनी उचलून न्यायला मी काय मेले हाय?"

यंदा काकांनी तिसरी सॅक आणली, लोखंडी चौकटीची. मोचीकडून तिच्यावर कॅनव्हासची बैठक शिवून घेतली आणि तिच्यात ज्वारीचं पोतं बांधून रोज जिना चढू-उतरू लागले. उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सगळ्यांचं ठरलं. मग एका संध्याकाळी त्यांनी ती सॅक काकूंपुढे मांडली.

"मी काय ज्वारीचं पोतं हाय?"

"पोतं लई गरीब असतं. बोलत न्हाय." काका म्हणाले, "चौघं नकोत न्हवं? मग एकटाच नेतो की."

काकूंना हसू फुटलं आणि तिथंच त्या फसल्या.

काटकुळ्या काकू पाठीला पाठ लावून बसल्या. काका एकेक पायरी चढले, मी मागून काकूंना हात धरून होतो. गच्ची नुकतीच ओली केलेली, मातकट गारवा सुटलेला, पश्चिमेला अजून तांबडं. दूर तळं चकाकत होतं. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, वळा की जरा." काका वळले. "आता तिकडं." काका तिकडं वळले. असं करत करत त्यांनी काकूंना सगळं सोलापूर दाखवलं. स्वतः मात्र प्रत्येक वेळी उलटीकडचं बघत राहिले.

"लागतंय का हो खांद्याला?"

"छ्या! फौजेचा माल हाय."

मग ती दोघं रोजच वर यायला लागली. काकू गादीवर पडून आभाळाकडे बघत, बघता बघता झोपून जात.

एकदा सकाळी मी वर्तमानपत्र मागायला गेलो. काका गॅलरीत उघडे बसून खांद्यांना हळद-तेल चोळत होते. दोन्ही खांदे सोलवटून लाल झाले होते. मला बघताच त्यांनी घाईघाईनं सदरा ओढला, आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तिला सांगू नका. कळलं तर वर यायची न्हाय."