शेगडीची निविदा

मुलगा अमेरिकेला परत जाऊ नये म्हणून माणसं काय काय करतात. कुणी स्थळं बघतं, कुणी छातीत दुखतंय म्हणून सांगतं. कचरूराव ओव्हाळांनी निविदा काढली.

त्याचं असं झालं. त्यांचा धम्मदीप चार वर्षं डलासला राहून महिन्याभरासाठी वारज्याच्या घरी आला होता. डलासला परत यायचं, की हिंजवडीच्या ऑफिसात रुजू व्हायचं, ते महिनाअखेरपर्यंत कळव, असं कंपनीने त्याला सांगितलं होतं. घरात या विषयावर कुणी बोलत नव्हतं. सुंदराबाई रोज पोराच्या आवडीची भाजी करत होत्या आणि कचरूराव एकच पेपर दिवसातून चारदा वाचत होते. अशात एकदा जेवताना धम्मदीप म्हणाला, "तिकडे घरामागे बार्बेक्यूची शेगडी होती. शनिवारी दुपारी चिकन भाजायचं. इथे तसलं काही नाही."

कचरूरावांचा घास हातातच राहिला. म्हणजे पोराचं घोडं एका शेगडीपाशी अडलं होतं तर.

"घेऊ या की," ते म्हणाले.

"काय?"

"शेगडी. मागे अंगण आहे, शेवग्याची सावली आहे. घेऊन टाकू."

"बाबा, मी आपलं सहज म्हणालो."

"सहज म्हणालास, ते नोंदवून घेतलंय."

दुसरा कुणी असता तर रिक्षा करून संध्याकाळी शेगडी घेऊन आला असता. पण कचरूरावांची चौतीस वर्षं सरकारी खात्याच्या खरेदी शाखेत गेली होती. त्यांच्या सहीने टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय आली नव्हती. घरचा फ्रीजही तसाच आला होता, आणि तो येईपर्यंत दोन उन्हाळे माठातल्या पाण्यावर गेले होते.

"अहो, पोराची रजा संपेल आणि तुमची फाइल टेबलावरच राहील," सुंदराबाई म्हणाल्या.

"घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते."

"हो का? मग माझ्या वेळी किती दरपत्रकं मागवली होती?"

कचरूरावांनी चष्मा पुसायला घेतला.

तिसऱ्या दिवशी तीन ठिकाणी टाइप केलेली पत्रं गेली. 'घरगुती वापराकरिता, मांस व तत्सम पदार्थ भाजण्याची शेगडी, एक नग.' खाली नेहमीच्या अटी होत्या आणि शेवटी एक ओळ होती, 'नमुना रविवारी सकाळी दहा वाजता समक्ष सादर करावा.' ही ओळ त्यांच्या हातून आपोआप उतरली होती. ऑफिसात नमुना म्हणजे पेन्सिल, नाहीतर फिनेलची बाटली. ती पिशवीतून यायची आणि कपाटात जायची. शेगडीचा नमुना टेम्पोतून येतो, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दहाच्या ठोक्याला फाटक वाजलं. कॅम्पातल्या परदेशी वस्तूंच्या दुकानातून सौरभ नावाचा विक्रेता टाय लावून आला होता. त्याच्या शेगडीला लाल घुमट होता आणि खाली चाकं होती. "सर, फुल्ली पोर्टेबल आहे. थर्मामीटर इनबिल्ट," तो म्हणाला. त्याच्यामागे सुहासिनीबाईंचा टेम्पो लागला. मंडईमागे त्यांचा हॉटेलांच्या भट्ट्या बनवायचा कारखाना होता. दोन माणसांनी मिळून पाच फुटांची लोखंडी शेगडी उतरवली. शेवटी वारज्याच्या नाक्यावरचा वेल्डर मच्छिंद्र हातगाडी ढकलत आला. त्याने तेलाचं पिंप आडवं कापून त्याला बिजागऱ्या लावल्या होत्या आणि वर धुराडं बसवलं होतं.

धम्मदीप तोंडात ब्रश घेऊन मागच्या दारात आला, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाबा, आपण एकच घेणार होतो ना?"

"एकच. बाकीचे दोन स्पर्धक आहेत."

आता चाचणी घ्यायची तर ती तिघांची सारखी घ्यायला हवी. सुंदराबाईंनी तीन किलो चिकनला मसाला लावून त्याचे सारखे तीन वाटे केले. चव बघायला घरची माणसं चालणार नव्हती, कारण तो पक्षपात झाला असता. पाच त्रयस्थ माणसं हवी होती. म्हणून कचरूरावांनी भिंतीवरून शेजारच्या महिपती जगदाळ्यांना हाक मारली. ते आले आणि येताना पाहुणा आलेला जावई आणि त्याचे तीन मित्र घेऊन आले. प्रत्येकाला कागद दिला. वास, शिजणं आणि चव, प्रत्येकी दहापैकी गुण.

तिन्ही शेगड्या पेटल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वाकून पाहिलं. दोरीवर त्यांच्या साड्या वाळत होत्या. "ओव्हाळ, अजून दहा मिनिटं ठेवू का? की एकदा उलटून घालू?" त्यांनी विचारलं. कचरूरावांनी ही तक्रार वहीत टिपून घेतली.

धूर रस्त्यावर गेला आणि त्याच्या वासाने रस्ता फाटकाशी आला. आत तीन भट्ट्या, टायवाला माणूस आणि टेबल मांडून बसलेले एक गृहस्थ पाहून लोकांना जे वाटायचं तेच वाटलं.

"उद्घाटन आहे का? हाफ प्लेट मिळेल?" पिशवी घेऊन निघालेल्या एकाने विचारलं.

"प्लेट नाही. मूल्यमापन आहे," कचरूराव म्हणाले. "मोफत आहे, पण अभिप्राय लेखी द्यावा लागेल."

फुकट खायचं आणि वर त्यातले दोष लिहून द्यायचे, ही सोय पुण्याच्या माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी मिळते. अर्ध्या तासात रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. कागद संपले, तेव्हा लोक पेपरच्या कडेला लिहू लागले. 'मीठ घातल्याचे ऐकून आहे.' 'चव बरी. रांगेची व्यवस्था भिकार.' 'तुकडा लहान, मालकाचा आवाज मोठा.' कचरूराव एकेक अभिप्राय वाचून त्यावर क्रमांक घालत होते.

तीन किलो चिकन केव्हाच संपलं. आता थांबावं, असं कुणालाच वाटेना. सुहासिनीबाईंनी टेम्पो पाठवून दहा किलो आणखी मागवलं. "गिऱ्हाईक दारात आणि भट्टी रिकामी, हे मला बघवत नाही," त्या म्हणाल्या. ते पाहून सौरभने टाय सोडून खिशात कोंबला आणि बाह्या सरसावल्या. मच्छिंद्रच्या पिंपाशी सगळ्यात जास्त गर्दी होती. त्याच्या एकट्याच्याने ते आवरेना, तेव्हा त्याने शेजारी उभ्या असलेल्या धम्मदीपच्या हातात चिमटा दिला.

"दादा, तेवढं उलटत राहा. करपलं तर माझं नाव जायचं."

धम्मदीप बनियनवर चिमटा घेऊन उभा राहिला. जगदाळे ताटली पुढे करून म्हणाले, "कचरूचा पोरगा ना तू? वाळलास रे. आणि हा तुकडा परत टाक, कच्चा आहे." त्याने तो परत टाकला. मग दुसऱ्या कुणी त्याच्या शाळेतल्या मास्तरांची आठवण काढली, तिसऱ्याने लग्नाचं विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आत चौथ्याने तंगडी मागितली. धम्मदीप मोठ्याने हसला. तो आल्यापासून कचरूरावांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या नादात त्यांची गुणांची एक बेरीज चुकली.

तीन वाजता अंगण रिकामं झालं. सौरभ आणि सुहासिनीबाई आपापल्या शेगड्या घेऊन गेले. मच्छिंद्र निकालासाठी थांबला होता. धम्मदीप काजळी लागलेल्या हातांनी पायरीवर बसला.

"तिकडची शेगडी याहून चांगली होती, बाबा," तो म्हणाला. "पण मी एकटाच भाजायचो आणि एकटाच खायचो. उरलेलं सोमवारी डब्यात न्यायचो. चार वर्षांत शेजारच्याचं नाव कळलं नाही."

कचरूरावांनी मघाची चुकलेली बेरीज पुन्हा करायला घेतली. निकाल उघड होता. मच्छिंद्रचं पिंप बाकीच्या दोघांच्या फार पुढे होतं. आता फक्त 'मंजूर' लिहून सही करायची राहिली होती.

"झालं ना नक्की?" धम्मदीप उठत म्हणाला. "मग मीही उद्या कंपनीला कळवून टाकतो. तेही एकदाचं मिटेल."

कचरूरावांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथेच थांबलं. काय कळवणार, हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी 'मंजूर'साठी सोडलेल्या जागेत घाईघाईने लिहिलं, 'तिन्ही नमुने असमाधानकारक. फेरनिविदा मागवावी.'

सुंदराबाईंनी खांद्यावरून वाचलं. "असमाधानकारक? अहो, गिरणीपर्यंतचे लोक बोटं चाटत गेले."

"साहेब, काय खोट हाय माझ्या मालात?" मच्छिंद्रने विचारलं.

"धूर फार आहे."

"धुराचंच यंत्र हाय ते. धूर नाय तर काय अत्तर येणार?"

"तू पुन्हा ये," कचरूराव त्याच्याकडे न बघता म्हणाले. "तोवर नमुना इथेच राहू दे. पहिला विचार तुझाच होईल."

धम्मदीपने वही ओढून घेतली. गुणांचा तक्ता पाहिला, खालचा शेरा वाचला, आणि मग बापाकडे पाहिलं. कचरूराव पेनाचं टोपण शोधत होते. ते पेनालाच लावलेलं होतं.

"फेरनिविदेला किती दिवस लागतात, बाबा?"

"नियमाने तीन महिने."

"आणि कुणी आक्षेप घेतला तर?"

"तर सुनावणी लागते. मग काही सांगता येत नाही. वर्षंही जातात."

"मग माझा आक्षेप आहे."

आत निघालेल्या सुंदराबाई दारातच थांबल्या. "आणि कंपनीला काय कळवणार आहेस?"

"हिंजवडीला रुजू होतो म्हणून. घरचं एक प्रकरण प्रलंबित आहे."

कचरूरावांनी वही मिटली आणि उगाच पुन्हा उघडली. मग दोनदा खाकरले.

"तोंडी आक्षेप ग्राह्य धरत नाहीत," ते म्हणाले. "लेखी दे. दोन प्रतींत."