पान्ह्याची मोहीम

वाचणाऱ्याचे कल्याण असो आणि न वाचणाऱ्याचेही असो, की दूध उभयतां पितात. दूध संस्थेचे सभासद-रजिस्टरी पान बेचाळिसावर एक नाव तांबड्या शाईने खोडोन दुसरे लिहिले आहे, ते कोणाचे हुकुमाने आणि काय निमित्ते, ऐसा सवाल वरिष्ठांकडोन आला. सबब घडले वर्तमान जैसे घडले तैसे येथे नमूद केले असे. पदरचे काही घातले नाही, आणि घालावयाची गरजही पडली नाही.

तर त्या संस्थेत काकासाहेब म्हणोन एक नामांकित दुग्धवीर होते. अकरा सालांचे सभासद, छातीवर बिल्ला, आणि 'दुग्धव्यवसायाचे शेतीतील स्थान' या विषयावर एकोणीस पानांचे भाषण मुखोद्गत. शेण हा शेतीचा प्राण, ऐसे सातव्या पानी गर्जून सांगत आणि तोच प्राण वाटेत आडवा आला म्हणजे नाकास रुमाल लावोन दूरचा वळसा घेत. गोठ्यात त्यांची स्वारी फोटोपुरती येई. बाकी वैरण घालणे, धार काढणे, शेण भरोन खड्ड्यात टाकणे आणि तेच खत वावरात नेऊन पसरणे, ऐसी किरकोळ कामे त्यांचे कुटुंब करी. त्यांस सारे काकू म्हणत. दुसरे काही नाव असेल, ऐसा कोणास संशयही आला नव्हता.

या मोहिमेच्या आठ महिने आधी त्यांच्या ठकूबाई म्हशीचे रेडकू पोट फुगोन काकूंच्या मांडीवर गेले. डॉक्टर आले ते सर्व आटोपल्यावर. काकू गंजीआड बसोन पोटभर रडल्या आणि मग तोंड धुवोन निश्चय केला की, संस्था जनावरांच्या आजारांचे सात दिवसांचे प्रशिक्षण देते ते आपण घ्यावे, कारण ठकूबाई पुढेमागे पुन्हा गाभण राहणार होती आणि ते रेडकू काकूंस जगवावयाचे होते. परंतु प्रशिक्षण सभासदासच. काकासाहेब दोन वेळा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा एक टोपी, एक पिशवी आणि सात दिवसांची झोप घेऊन परतले. काकूंनी सभासदत्वासाठी एकामागे एक तीन अर्ज गुजारिले. चेअरमनसाहेब, जे जन्मात धार काढावयास म्हशीच्या उजव्या अंगास उभे राहिले नव्हते, त्यांनी तिन्हींवर एकच शेरा मारिला की, अर्जदार घरकाम करते, सबब शेतकरी नव्हे.

ऐसे असता काकासाहेबांस उत्तम उत्पादकाचे मानपत्र द्यावे ऐसे ठरले, आणि खातरजमेस वरून तपासनीस बाई दाखल जाहल्या. गमबूट, हाती वही, बोलणे थोडे. काकासाहेबांनी खाकरून भाषणाचे पहिले पान आरंभिले, तोच हुकूम जाहला की, भाषण मागाहून होईल, नियमाप्रमाणे सभासद तोच जो जनावर स्वतः राखतो, तरी सभासदाने आधी धार काढून दाखवावी.

हे ऐकोन काकासाहेबांचे तोंड पाहण्यासारखे जाहले. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी हात पुसले, कपभर चहा ओतोन घेतला आणि गोठ्याच्या खिडकीलगतच्या पायरीवर निवांत बसल्या. अकरा वर्षांत सकाळचा चहा त्यांनी बसून घेतला तो हा पहिला, आणि तो त्यांस फार गोड लागला.

मग काकासाहेब इस्त्रीच्या कपड्यांनिशी बादली घेऊन डाव्या अंगाने चालोन गेले, जेथोन जाऊ नये तेथोनच, आणि ठकूबाईंनी एकाच लाथेत बादली दारापार आणि काकासाहेब वैरणीत ऐसे केले. पहिल्या हल्ल्याची ही गत पाहोन चेअरमनसाहेब कुमकेस धावले. संस्थेचे धार काढण्याचे यंत्र आणविले, चार नळ्या चार सडांस लाविल्या आणि खटका दाबिला. यंत्राने घरघर बहुत केली. दूध थेंबभर नाही.

काकूंस राहवेना. खिडकीतून म्हणाल्या, "अहो, पान्हा फुटल्याशिवाय कसं येईल दूध?"

चेअरमनसाहेबांनी तत्काळ फर्मान सोडिले की, फुटला असेल तर नवा आणा, चांगला मोठ्या मापाचा आणा. मग एकजण सायकल दामटीत गेला आणि दुकानातून चौदा नंबरचा लोखंडी पान्हा घेऊन आला. तो चेअरमनसाहेबांनी हाती धरोन आधी यंत्राकडे, मग म्हशीकडे, मग पुन्हा यंत्राकडे पाहिले, की नट कोठे आहे. तपासनीस बाईंनी वहीत काही लिहिले आणि ओठ घट्ट मिटले. दूध संस्थेच्या अध्यक्षास म्हशीचा पान्हा ठाऊक नसावा, याहून थोर पराक्रम या मुलखी कोणी केला नाही.

मग काकासाहेबांनी निर्वाणीची मसलत योजिली. ठकूबाई वासावर माणूस ओळखते, इतके त्यांस ऐकोन ठाऊक होते. सबब खुंटीवरचा काकूंचा फुलाफुलांचा गाऊन चिलखताप्रमाणे अंगात चढविला, मिश्या झाकोन रुमाल बांधिला, आणि उजव्या अंगाने हळूच जाऊन बसले. ठकूबाईंनी गाऊन हुंगिला, कान सैल सोडिले आणि थांबल्या. काहीतरी यावयाचे राहिले होते. काकू रोज तिला काही म्हणत, ते यावयाचे होते.

काकासाहेब कुजबुजले, "अगं, तू काय म्हणतेस हिला?"

"अकरा वर्षं भिंतीपलीकडे झोपलात," काकू म्हणाल्या, "कधी ऐकलं नाहीत?"

काकासाहेबांनी आठवू आठवू पाहिले. एकोणीस पाने आठवली, ते चार शब्द आठवेनात. अखेर घसा साफ करोन म्हणाले, "दुग्धव्यवसायाचे शेतीतील स्थान..." आणि ठकूबाईंनी त्यांस गाऊनसुद्धा शेणात निजविले. प्राणाची आणि त्यांची भेट ऐसी जाहली.

तेव्हा तपासनीस बाई स्वतः पायरीशी गेल्या आणि काकूंस विचारिले की, तुम्ही काढता का. काकूंनी चहा संपविला, कप विसळोन पालथा घातला आणि गोठ्यात आल्या. ठकूबाईंच्या पाठीवर हात ठेविला. "चल गं बाई, दे," इतकेच म्हणाल्या. मग बादलीत धारेचा आवाज सुरू जाहला.

फेस बादलीच्या काठास लागला तेव्हा बाईंनी रजिस्टर मागितले आणि हुकूम केला की, सभासद बदलावा. लेखनिकाने काकासाहेबांचे नाव खोडिले आणि नव्या सभासदाचे नाव काय लिहू म्हणोन विचारिले. चेअरमनसाहेब वर पाहू लागले. काकासाहेब शेणातून सांगू लागले, तोच काकूंनी, तुम्ही पदरचे काही घालू नका, ऐसा हात केला, दुधाचे बोट पुसोन लेखणी घेतली आणि आपले नाव आपण लिहिले. त्या पानावर आजही दुधाचा डाग आहे.

पुढील सोमवारी काकू प्रशिक्षणास गेल्या. जाताना गाऊन धुवोन, वाळवोन खुंटीवर ठेविला आणि शेजारी ते चार शब्द चिठ्ठीवर लिहोन लाविले. काकासाहेब सातही दिवस पहाटे तो गाऊन चढवीत आणि चिठ्ठी पाहोन "चल गं बाई, दे" म्हणत. ठकूबाईंनी पाचवे दिवशी अर्धी बादली दिली. चौदा नंबरचा पान्हा संस्थेच्या कपाटात न दिलेल्या मानपत्राशेजारी ठेविला आहे.

चार महिन्यांनी रेडकू जाहले. तिसरे दिवशी त्याचे पोट फुगले, आणि काकूंनी डॉक्टरची वाट न पाहता शिकल्याप्रमाणे उपाय केले. ते रेडकू हा मजकूर लिहिताना दाराशी उड्या मारीत आहे. सबब काकूंची फत्ते जाहली, ऐसे पान बेचाळिसाखाली कायम नोंदविले असे.