पायरी नाही!

आमच्या ऑफिसातल्या टिपणीसला कुठल्याही जागेबद्दल विचारा, तो आधी तिथल्या पायऱ्या सांगायचा. नवीन हॉटेल कसं आहे? "उत्तम. पायरी नाही." आणि जेवण? "जेवण काय, बरं होतं."

दुबईत इटालियन टाइल्स विकणारी आमची कंपनी. मालाच्या खरेदीला टिपणीस दरवर्षी बोलोन्याला जायचा. गावाचं नाव काढलं की गडी खुलायचा. "अहो, लोक व्हेनिसला धावतात. नुसते पूल, चढा आणि उतरा! बोलोन्यात रस्त्याच्या कडेनं मैलोन्‌मैल कमानी. ऊन नाही, पाऊस नाही, खाली गुळगुळीत फरशी."

एकदा आम्हालाही इटलीची हुक्की आली, म्हणून मी त्याला गाठलं. "बघण्यासारखं काय आहे?"

"दोन उंच मनोरे आहेत. बेकार. शेकडो पायऱ्या."

"शॉपिंग?"

"जुन्या बाजारात चीजचं दुकान आहे. दार काय रुंद आहे!"

"नाइटलाइफ?"

"मोठ्या चौकात पोरंपोरी वाईन घेऊन चक्क जमिनीवर बसतात. चौक कसा, सपाट!"

मी कपाळावर हात मारला. मग त्यानं कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. दोनशे फोटो, सगळे जमिनीचे. उंबरे, फरश्या, एका हॉटेलच्या तर संडासाचं दार! देवाशपथ सांगतो, एकाही फोटोत आकाश नव्हतं.

दोन हजार आठ सरता सरता दुबईतल्या क्रेन थांबल्या आणि आमच्या टाइल्स गोदामात पडून राहिल्या. मी अ‍ॅडमिनचा माणूस, त्यामुळे कमी करायच्या लोकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बॉसनं विचारलं, "हा टिपणीस इटलीत करतो काय?" मला मेल्याला नेमका तेव्हाच विनोद सुचला. "सर, जमिनीचे फोटो काढतो," म्हणत मी ते दाखवलेसुद्धा. बॉस पोट धरून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "खलास. घाल त्याचं नाव." मी घातलं.

नोकरी गेली की तीस दिवसांत देश सोडायचा. आठवडाभरानं मलाच राहवेना. त्याचे फोटो सीडीवर घेतले आणि डिस्कव्हरी गार्डन्सला त्याच्या घरी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच; तो कुणाला घरी बोलवायचाच नाही. दार त्याच्या बायकोनं उघडलं. ती चाकांच्या खुर्चीत होती.

मी नाव सांगून फोटोंची सीडी पुढे केली. "या ना, भाऊजी! फोटो आणलेत? हे रोज चार-पाच प्रिंट आणायचे. आठवडाभर आणलेच नाहीत, म्हणे ऑफिसचा प्रिंटर बिघडलाय. माझी खुर्ची कुठून जाईल, कुठं अडेल, सगळं गाव पाठ झालंय बघा मला. चीजच्या दुकानात थेट आत शिरता येतं! चौक तेवढा यांनी शेवटी ठेवलाय." मग जरा लाजून म्हणाली, "मार्चमध्ये नेणार आहेत. रजेचं तुम्हीच बघता ना? द्याल ना हो?"

टिपणीस तिच्या मागे उभा होता. संध्याकाळचे सहा, अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. नुकताच ऑफिसातून आल्यासारखा. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

सीडी घेऊनच तो लिफ्टपर्यंत सोडायला आला. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यानंच हळू आवाजात विचारलं, "माझे दिवस किती उरले?"

"तेवीस."

"पुरेत," हातातल्या सीडीकडे बघत तो म्हणाला. "हिला शेवटच्या आठवड्यात सांगीन. आधी चौक दाखवतो."