शादलीमास्तरांची तोफ

शादलीमास्तरांच्या गाडीचा सायलेन्सर ज्या गतिरोधकावर तुटला, तो गतिरोधक मास्तरांच्याच आग्रहामुळे झाला होता. पोरं गल्लीतून मोपेडी उधळतात, एखाद्या दिवशी कुणाचं तरी लेकरू सापडेल, असं ते वर्षभर ज्याला त्याला भीतभीत सांगत होते. शेवटी हसन खाटकाने घराच्या बांधकामातलं उरलेलं सिमेंट आणून रस्त्यावर ओतलं. हसनचं मन मोठं आणि घमेलं त्याहून मोठं. झाला तो गतिरोधक नव्हता, टेकाड होतं. पोरांनी त्यावरून मोपेडी उडवायला सुरुवात केली. अडकली ती फक्त मास्तरांची गाडी.

रमजानचा महिना, भर दुपार, सगळं कैरवान गाव झोपलेलं. त्या शांततेत लोखंड खरवडल्याचा लांबलचक आवाज आला आणि मास्तरांची बायको नझीहा दारात आली.

“अहो, काय पडलं?”

“काही नाही. खालचं काहीतरी.”

“खालचं म्हणजे रस्त्याचं की आपलं?”

मास्तरांनी वाकून पाहिलं. “आपलं,” ते म्हणाले. जणू त्यात त्यांचाच काही दोष होता.

गाडी किती बिघडली हे पाहावं म्हणून त्यांनी ती सुरू केली. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. मास्तर आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. शाळेत इतिहास शिकवताना लढायासुद्धा त्यांनी हळू आवाजात सांगितल्या होत्या. आता त्यांच्या बुडाखालून गाडी सगळ्या जगाला शिव्या देत होती. त्यांनी घाईघाईने किल्ली फिरवली आणि खिडक्यांकडे बघत “माफ करा, माफ करा” असं पुटपुटले.

एरवी गाडी महिनाभर उभी राहिली असती तरी चाललं असतं. पण रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री सूस गावाला जायचं होतं. त्यांच्या मुलाचं, अनीसचं लग्न ठरलं होतं आणि त्या रात्री मुलाकडच्यांनी होणाऱ्या सुनेच्या, सिरीनच्या घरी भेटीची ताटं घेऊन जायची रीत होती. सोन्याचं कडं, कापड, अत्तर, खजुराच्या सारणाचे मक्रूद. मास्तरांची सगळी शिल्लक त्या कड्यात गेली होती आणि कडं नझीहाच्या कपाटात गेलं होतं.

त्यात मुलीचे वडील तिजानी, ज्यांना सगळे आदराने ‘सी तिजानी’ म्हणत, म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवत म्हटलं होतं, “आमची गल्ली शांत आहे, मास्तर. तिथे गाडीच्या आवाजावरून माणूस ओळखतात.” मास्तरांना त्या रात्री झोप लागली नव्हती, आणि तेव्हा तर गाडी धड होती.

“शेअर टॅक्सीने गेलो तर?” मास्तरांनी विचारलं.

“जाऊ की. कापडाचं ताट तुमच्या डोक्यावर, मक्रूदची परात शेजारच्या उतारूच्या मांडीवर. सी तिजानी विचारतील, पाहुणे कोणते आणि हमाल कोणता?”

नव्या सायलेन्सरचे दुकानदाराने तीनशे दिनार सांगितले. मास्तरांनी त्याचे तीनदा आभार मानले आणि बाहेर पडले. मग ते कोपऱ्यावरच्या फर्जानीकडे गेले. फर्जानीचं गॅरेज म्हणजे एक जॅक, एक वेल्डिंगचं यंत्र आणि भरपूर आत्मविश्वास.

“तीनशे? मास्तर, वेडे झालात काय! घरात हरिसाचा रिकामा डबा आहे का?”

मिरचीच्या त्या ठेच्याचा रिकामा डबा ज्या घरात नाही असं घर कैरवानात शोधून सापडायचं नाही. फर्जानीने डबा कापून उलगडला, फुटलेल्या नळीभोवती गुंडाळला, वर तार आवळली. आवाज निम्म्याहून कमी झाला. मास्तरांना इतका आनंद झाला की ते बाजाराला एक फेरी मारून आले.

पण डबा कुणी धुतला नव्हता. नळी तापली, डब्याला चिकटलेली मिरची आणि लसूण खरपूस भाजली गेली, आणि तो घमघमाट उपाशी गल्लीवर पसरला. थोड्या वेळाने शेजारची मन्नूबियामावशी दारात येऊन उभी राहिली.

“नझीहा, मास्तरांची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. का गं?”

“नाही, म्हटलं, आजारी माणसाला रोजा माफ असतो. तुमच्याकडून तळणाचा वास येतोय. मी कुणाला सांगणार नाही हो!”

म्हणजे सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. हसन खाटकाने तर येता-जाता मास्तरांकडे दयेने बघत मान हलवली. मास्तरांनी त्याच दिवशी डबा काढायला लावला.

आता फर्जानी इरेला पेटला. त्याने भंगारबाजारातून कुठल्याशा दुधाच्या गाडीचा सायलेन्सर पैदा केला. तो इतका लांब होता की बसवल्यावर गाडीला मागून शेपूट फुटल्यासारखं दिसायला लागलं. काम संपलं तेव्हा सूर्य टेकला होता, रस्ते ओस पडले होते, जो तो घरात ताटावर डोळे लावून बसला होता.

“जा पळा, मास्तर,” फर्जानी हात पुसत म्हणाला. “एकच ऐका. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नका. नळीत पेट्रोलचा धूर साठतो, मग उगीच खोकते.”

मास्तरांनी ते मनात घोकत घोकत गाडी आणली. गल्लीच्या तोंडाशी समोर हसनचं टेकाड दिसलं आणि भीतीने पाय आपोआप उचलला गेला.

धडाम!

आता या गल्लीची रीत सांगायला हवी. गावाच्या जुन्या तटावर सूर्यास्ताला तोफ उडते. गल्लीच्या छोट्या मशिदीत अजान देणारे बेल्गासेमकाका घड्याळ मानत नसत. वडील तोफेवर अजान देत, म्हणून तेही तोफेवरच देत. रोज संध्याकाळी मिनाराच्या दारात ते डोळे मिटून, तटाकडे कान करून उभे राहत. आणि बेल्गासेमकाकांनी तोंड उघडल्याशिवाय गल्लीत कुणी खजुराला हात लावत नसे.

धडाम झालं आणि काकांनी अजान सुरू केली.

गंमत म्हणजे खुद्द मास्तरांनाही ती तोफच वाटली. आपली गाडी एवढा आवाज करू शकते हे त्यांच्या मनातही आलं नाही. “झाली वाटतं तोफ!” म्हणत ते धावतपळत घरात शिरले, खजूर तोंडात टाकला, वर ताकाचा पेला रिकामा केला आणि अंडं भरून तळलेली गरम ब्रिक उचलून चावली. आतल्या अंड्याचा बलक हनुवटीवर ओघळला.

“कशी आहे गाडी?” नझीहाने सूप वाढत विचारलं.

“फर्जानीच्या हाताला जादू आहे,” मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले. “इतकी शांत आली, इतकी शांत, की तोफ मला अगदी कानाशी ऐकू आली.”

तेवढ्यात तटावरची तोफ उडाली.

नझीहाची पळी सुपातच राहिली. शेजारच्या घरातला चमच्यांचा आवाज थांबला. पलीकडच्या घरातलाही. सगळी गल्ली तोंडात घास धरून बसली. गिळावा तर पंचाईत, थुंकावा तर त्याहून पंचाईत.

“अहो,” नझीहा सावकाश म्हणाली, “ही तोफ, तर मग मघाची कुणाची?”

मास्तर खिडकीतून गाडीकडे बघत राहिले. गाडीच्या शेपटातून अजून निळा धूर निघत होता.

मशिदीचा भोंगा खरखरला. सगळ्यांना वाटलं, काका आता मास्तरांचं नाव घेऊन बोलणार. मास्तरांनी तर डोळेच मिटले.

“गल्लीतल्या लोकांनो,” बेल्गासेमकाकांचा आवाज आला. “आज मी तोफेच्या आधी अजान दिली. आवाज गाडीचा होता. पण गाडीने काही अजान दिली नाही, ती मी दिली. इतकी वर्षं ऐकतो मी तोफ, मला ती ओळखता यायला हवी होती. तुमच्याकडे पाप नाही, फसून सुटलेल्या रोजाला पाप नसतं. ईदनंतर एक दिवस भरून काढा. मी माझा भरीन, आणि तुम्हा सगळ्यांसाठी वर आणखी एक धरीन. आता जेवा, सूप गार होतंय.”

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. लढाया शिकवताना त्यांनी बरेच शूर लोक पोरांना सांगितले होते, पण भोंग्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी स्वतःची चूक सांगणारा त्यांत एकही आठवेना. ते उठले, बाहेर आले आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर दारात आधीच माणसं जमली होती. पुढे हसन, हातात मटणाचा तुकडा.

“मास्तर, काकांनी अंगावर घेतलं, मान्य. पण उद्या? परवा? रोज संध्याकाळी आम्ही ओळखायचं का, तोफ कोणती आणि तुम्ही कोणते?”

“मी… मी गाडी लावूनच ठेवतो,” मास्तर म्हणाले.

“आणि सूसला काय खांद्यावरून नेणार?” मन्नूबियामावशी गरजली. “पोराचं लग्न मोडायचंय का? हसन, मुळात तुझं ते टेकाड नसतं तर हे झालंच नसतं!”

“मी चांगल्यासाठी केलं होतं!”

“केलं होतंस ना, मग आता हेही कर!”

 नझीहाने फर्जानीला गर्दीतून बाहेर ओढलं. “खरं सांग. या सायलेन्सरच्या पोटात असतं काय?”

“भोकं असतात, काकू. भोकाभोकांची नळी. धूर त्यातून गाळून गेला की त्याचा राग शांत होतो. या दुधाच्या गाडीच्या नळीत ते सगळं सडून गेलंय.”

नझीहा आत गेली आणि गव्हाच्या रव्याचा कुसकुस वाफवायचं आपलं लोखंडी भांडं घेऊन आली. त्याचं बूड चाळणीसारखं भोकाभोकांचं. “अशी भोकं?”

फर्जानीने भांडं दिव्यासमोर धरलं. त्याच्या तोंडावर भोकांचा उजेड पडला. “अगं काकू,” तो हळूच म्हणाला, “तू माझ्या गॅरेजात का नाहीस?”

पुढचे दोन दिवस गल्लीला दुसरं काम नव्हतं. हसनने शेगडीच्या धुराड्याची जाड नळी दिली आणि सायलेन्सर टांगायला मटणाचे आकडे. मन्नूबियामावशीने भांडी घासायच्या तारेचे सगळे गोळे आणून दिले, आवाज शोषायला. फर्जानी उपाशीपोटी वेल्डिंग करत होता आणि जो सल्ला देईल त्याच्यावर खेकसत होता. आवाजाची परीक्षा मात्र बेल्गासेमकाकांची. ते खुर्ची टाकून गाडीमागे बसत, डोळे मिटत, कान पुढे करत.

“ऐकू येतेय,” ते म्हणत. फर्जानी पुन्हा खाली शिरे.

“अजून ऐकू येतेय. पण आता खोकत नाही, नुसती घोरतेय.”

तिसऱ्यांदा काकांनी बराच वेळ कान दिला. मग डोळे न उघडताच म्हणाले, “हं, करा आता सुरू.”

“काका,” फर्जानी म्हणाला, “सुरूच आहे.”

सत्ताविसाव्या रात्री मास्तर गाडी चालवत आणि नझीहा, अनीस मांडीवर ताटं घेऊन सूसला पोचले. सी तिजानी पांढऱ्याशुभ्र जुब्ब्यात फाटकाशी उभे होते, नजर रस्त्याच्या टोकाला. गाडी त्यांच्या पाठीशी येऊन थांबली तरी त्यांना पत्ता नाही. मास्तरांना खाकरावं लागलं.

“सी तिजानी, आम्ही… आलो.”

सी तिजानी दचकून वळले. तेवढ्यात आतल्या बायकांनी ताटं पाहिली, जिभा हलवत आनंदाचा एकच कल्लोळ केला आणि नझीहाला, अनीसला, कड्याला वाजतगाजत आत नेलं. मास्तर मागोमाग निघाले.

“मास्तर, तुम्ही थांबा.”

सी तिजानी गाडीला एक फेरी घालून आले. मग खाली आकड्यांना टांगलेल्या त्या जाडजूड लोखंडाकडे पाहिलं.

“ही मघाशी चालू होती?”

“हो.”

“आत काय घातलंय?”

खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलं नव्हतं. “कुसकुसाचं भांडं,” ते म्हणाले, आणि लग्न मोडल्याची बातमी घरी कशी सांगायची ते मनात जुळवू लागले.

सी तिजानींनी वर खिडक्यांकडे पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग खिशातला मोठा रुमाल फरशीवर पसरला आणि त्या पांढऱ्या जुब्ब्यासकट ते गाडीखाली शिरले. थोडा वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते.

“खर्च किती आला?” खालून आवाज आला. साखरपुड्यातला तो भारदस्त आवाज नव्हता हा. अगदी हळू, बाजारात घासाघीस करणाऱ्या माणसाचा.

“वेल्डिंगचे थोडेसे. बाकी गल्लीने दिलं.”

मग पुन्हा तो हळू आवाज आला. “माझी गाडी हिवाळ्यापासून बंद आहे, मास्तर. सायलेन्सर गळून पडला. एकदा बाहेर काढली तर शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सिरीनच्या लग्नाचं सामान घेतलं, आणि मग… गल्लीत सांगितलंय, डॉक्टरांनी पायी चालायला सांगितलंय म्हणून.”

मास्तरांनी आपला जुब्बा गुडघ्यांपर्यंत वर घेतला आणि तेही गाडीखाली शिरले. तिथे, तापलेल्या नळीखाली, दोन व्याही खांद्याला खांदा लावून उताणे पडले. कुठला सांधा कुठे येतो, तारेचे गोळे कसे कोंबायचे, हे मास्तर बोटाने दाखवत गेले. न चाचरता ते इतका वेळ कुणाशी बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

वरच्या खिडकीतून सिरीनच्या आईची हाक आली. “अहो, पाहुण्यांना वर आणा ना! कुसकुस निवतोय!”

सी तिजानी हलले नाहीत. “आमचंही भांडं लोखंडीच आहे,” ते कुजबुजले. “पण तिच्याकडे ते मागणार कोण?”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला धीर देण्याच्या सुरात ते म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. नझीहा मागेल.”