जागा न्हाई

आमचे आबा ‘जागा नाही’ असं कधीच कुणाला म्हणाले नाहीत. धावडा ते भोकरदन ते काळीपिवळी जीप चालवायचे. जीप दुसऱ्याची, आबांच्या हाती उरायचं त्यात आमची चूल कशीबशी पेटायची. गाडी गच्च भरली तरी आबा खिडकीतून हाळी द्यायचे, “सरका जरा, अजून एक बसतंय.” आणि तो एक बसायचाच, बगलेत शेळी घेऊन. आबा स्वतः अर्धे दाराबाहेर.

मी त्याच जीपनं कॉलेजला जायचे. भाडं देणारा आला की आबा आरशातून नुसतं बघायचे. मी मुकाट उठून पुढं गिअरच्या दांड्यापाशी बसायचे. खालून इंजिनचा चटका, दांडा गुडघ्यावर. त्यात मी तिथं बसले की जीप हमखास रडतखडत चालायची आणि मागचे ओरडायचे, “आबा, पळवा की जल्दी.” आमच्या घराण्यातली पहिली पदवी अशी आली. मला त्याचा राग होता. अजून आहे.

आता मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे, गाडी माझी आहे. मुलगी जुई सहा वर्षांची. लहानपणची सीट तिला पुरेना, आणि नुसतं बाकावर बसवलं तर पट्टा थेट गळ्यावर येई. म्हणून उंच करणारी बूस्टर सीट घ्यायचं ठरलं. मला वाटलं, आबा हसतील. आबा भांडले. तेही दुकानदारांशी.

पहिल्यानं पाठ नसलेली सीट दाखवली. आबांनी ती गाडीत ठेवायला लावली, जुईला बसवलं, पट्ट्याखालून बोट फिरवलं.

“पट्टा खांद्यावर पायजे. ह्यो मानेला घासून राह्यला.”

“आजोबा, काही होत नाही. घरची उशी ठेवली तरी चालतं.”

“मंग तू बस उशीवर. म्या ब्रेक मारतो. बघू काय होतंय.”

दुसऱ्या दुकानात ते सीट गुडघ्यानं रेटून बघायला लागले. पोऱ्या म्हणाला, तुटली तर भरून द्यावी लागेल. “तुटणार असंल तर इकतो कशाला?” तिथूनही आम्ही निघालो.

मी भडकले. “आबा, जन्मभर माणसं पोत्यासारखी भरली तुम्ही. आताच कुठून आली ही अक्कल?”

ते पुढच्या दुकानाची पायरी चढले.

तिसऱ्या दुकानात पाठीची सीट मिळाली. पट्टा खांद्याच्या मधोमध, खालचा मांड्यांवर. आबा म्हणाले, “बराबर.” एवढंच.

पुढच्याच आठवड्यात अंकुशनगरला लग्न होतं. गाडी मी चालवणार, शेजारी नवरा, मागं जुई, आई, आबा. निघणार तेवढ्यात आत्या पिशवी घेऊन हजर. दार उघडून म्हणाली, “पोरीला मांडीवर घे. ती खुर्ची टाक डिकीत.”

“जागा न्हाई,” आबा म्हणाले.

आईनं वळून त्यांच्याकडं पाह्यलं.

“दादा, तुझ्या जीपमधी मी कोंबड्या घेऊन बसलेय. अन् आज जागा न्हाई?”

“बिलकुल न्हाई. पोरगी उठणार न्हाई.”

आत्या पिशवी उचलून मागं वळली. तेव्हा आबाच खाली उतरले. “माझ्या जागी बस. म्या येष्टीनं येतो.”

“कशाला हा हट्ट, आबा?” मी म्हणाले. “एवढ्या उन्हात?”

ते वळसा घालून जुईच्या दाराशी आले. पट्ट्याखालून बोट फिरवलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू दांड्यापाशी बसली की म्या चौथा गिअर टाकत नव्हतो. दांडा मागं आला की तुझ्या गुडघ्याला लागायचा. दुसरा गिअर बी मागंच येतो, पण त्याला इलाज नव्हता. चौथा न्हाई टाकला कधी.”

मग दार लावून ते स्टँडकडं चालू लागले.

जुई अंकुशनगरपर्यंत स्वतःच्या जागेवर बसून गेली. आमच्या घरातलं ती पहिलं पोर, जिला दुसऱ्या कुणासाठी उठावं लागलं नाही.