सुभेदारांची साइडकार

सुभेदार साळवींनी मला फसवलं. तेही आईचं नाव घेऊन.

भोपाळला आलो तेव्हा माझ्याकडे एक पाना आणि अंगावरचा सदरा होता. आज सरकारी कारखान्याच्या टाउनशिपसमोर माझं जुन्या स्कूटरींचं दुकान आहे. तिथून आजवर कुणी साधा आरसासुद्धा फुकट नेलेला नाही. साळवींनी अख्खी साइडकार नेली.

लष्करातून निवृत्त होऊन ते कारखान्याच्या सुरक्षा विभागात लागले होते. घासाघीस करायची त्यांची तऱ्हाच न्यारी. मी किंमत सांगितली की सावधानमध्ये उभे राहायचे आणि गप्प. गिऱ्हाइकं आली-गेली, चहा येऊन निवला, हे हलायला तयार नाहीत. शेवटी म्हणाले, "आईचे गुडघे गेलेत. मागच्या सीटवर चढवत नाही. बाकी सब ठीक." मी भडक डोक्याचा माणूस, पण आई म्हटल्यावर ढिला पडलो. स्कूटरबरोबर साइडकार तशीच दिली.

"बाकी सब ठीक" हे त्यांचं पालुपद. घरात पाणी शिरलं, बाकी सब ठीक. कुत्रा चावला, बाकी सब ठीक.

पुढे बघतो तर साइडकार कायम रिकामी! सीटवर इस्त्रीची पांढरी चादर. आठवडी बाजारातून येताना साळवी गुडघ्यांत भोपळा दाबून, शर्टात पालकाची जुडी खोचून स्कूटर चालवत. मागे वहिनी कोबी कवटाळून बसलेल्या. पण साइडकारमध्ये कोथिंबिरीची काडी ठेवायची नाही. राहवेना, म्हणून एकदा वहिनींनाच विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

"कुणाच्या? माझ्या सासूबाई मी फोटोतच बघितल्यात, भाऊजी."

माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या क्वार्टरवर गेलो. साळवी स्कूटर पुसत होते.

"सुभेदार, आई कुठंय?"

"मंडीदीपला." म्हणजे भोपाळजवळच्या गावात.

"वारलेली माणसं मंडीदीपला राहतात होय?"

"उद्या सकाळी स्मारकावर या. खुलासा तिथे."

टाउनशिपच्या बागेत शहीद स्मारक आहे. कामगारांची जी मुलं लढाईत गेली, त्यांची नावं त्या दगडावर आहेत. वर्षातून एकदा कार्यक्रम होतो, तो त्याच दिवशी होता. पुढे पाहुण्यांचे सोफे, मग खुर्च्या, मग दोरी, आणि दोरीमागे आमच्यासारखे उभे. बँडवाले जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात साळवींची स्कूटर आत शिरली. साइडकारमध्ये पांढऱ्या चादरीवर एक म्हातारी, मांडीवर झेंडूची फुलं.

शिपाई धावला. "साब, गाड़ी अंदर अलाउड नहीं!"

"ये गाड़ी नहीं, कुर्सी है," साळवींनी इंजिन बंद केलं आणि स्कूटर ढकलत दोरीपर्यंत नेली.

"धीरे, सूबेदार!" म्हातारी कडाडली. "रास्ते भर हड्डियाँ बजाता लाया है."

या अम्मा. यांचा मुलगा रघुवीर साळवींच्या तुकडीत होता, लढाईत त्यांच्या शेजारीच पडला. त्याचे वडील इथेच कारखान्यात फिटर. ते निवृत्त झाले, क्वार्टर गेलं, पुढे तेही गेले. अम्मा मंडीदीपला पुतण्याकडे राहतात.

"पहिल्या वर्षी शाल-नारळ देऊन सोफ्यावर बसवलं," साळवी हलक्या आवाजात म्हणाले. "मग खुर्चीवर. मग दोरीमागे. गेल्या वर्षी उभ्याउभ्या कोसळल्या. म्हटलं, यंदा बसायला आपलं आपण न्यावं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"गुडघे खरोखर गेलेत," ते म्हणाले.

आणि साइडकारशेजारी उन्हाच्या बाजूला सावधानमध्ये उभे राहिले. त्यांची सावली बरोबर अम्मांच्या डोक्यावर पडत होती. भाषणं लांबली, ऊन सरकलं, तसे साळवीही मान ताठ ठेवून तसूतसूने सरकत राहिले. मी बघतोय हे कळल्यावर पुटपुटले, "अम्मांना तहान लागलीय. बाकी सब ठीक."

मी पाणी आणायला गेलो तेव्हा पुढचा सोफा दिसला. 'राखीव' अशी चिठ्ठी लावलेला. कार्यक्रम संपेपर्यंत तो रिकामाच होता.

साइडकारीचं मी आणि सुभेदार बघून घेऊ. पण तो सोफा कुणासाठी राखून ठेवला होता, ते खुर्च्या मांडणाऱ्यांनी मला येऊन सांगावं. दुकान फाटकासमोरच आहे.