मशीनमधला मामा

"त्यात काय एवढं? दहा मिनिटांत आमंत्रणाचा व्हिडिओ तयार! तोही उभा, अख्ख्या मोबाईलभर!"

ज्ञानेश्वरीने ही घोषणा केली तेव्हा तिच्या कमरेवर अकरा महिन्यांची सृष्टी होती, खांद्यावर दुपटं होतं आणि हातात थर्मामीटर होता. थर्मामीटर का, तर सृष्टी सकाळी शिंकली होती. एकदाच! पण ज्ञानेश्वरी पडली रसायनशास्त्राची एम.एस्सी. एका शिंकेत तिला पुढच्या आठवड्याचा न्यूमोनिया दिसायचा. पोरीचा वाटी-चमचा ती वीस मिनिटं उकळायची. पोरगी झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला नाकापुढे बोट धरायची, आणि त्या बोटानेच पोरगी जागी व्हायची!

"सरळ पत्रिका छापू की," तिचा नवरा आदिनाथ म्हणाला.

"पत्रिका कोण वाचतं आता? भेळ बांधतात तिच्यात!"

सृष्टीचं जावळ करायचं होतं. जन्माचे केस पहिल्यांदा काढायचे, तेही मामाच्या मांडीवर बसवून आणि विषम महिन्यात. अकरावा महिना संपत आला होता. सासूबाईंनी, म्हणजे लंकाबाईंनी, निक्षून सांगितलं होतं, "तेवीस तारखेचा आयतवार हुकला तर मंग तिसऱ्या वर्षीच बघा. अन मामा पायजेच! मामाची मांडी न्हाई तर वस्तरा न्हाई!"

मामा एकुलता एक. मिरजगावचा बिभीषण. आपलं संगमनेर जिल्ह्याच्या या टोकाला, तर मिरजगाव त्या टोकाला. बारशाच्या वेळी त्याला नुसता मेसेज गेला, म्हणून रुसून तो आलाच नव्हता. 'पाहुण्यासारखा मेसेज? मला? सख्ख्या भावाला?' हे त्याने पुढचे दहा महिने ऐकवलं होतं. म्हणून या खेपेला ज्ञानेश्वरीने स्वतः फोन केला, तारीख सांगितली, "येशील ना रे दादा?" असं तीनदा विचारलं, तेव्हा कुठे गडी वळला. भाचीसाठी परकर-पोलकंसुद्धा शिवायला टाकून बसला! मामाची बाजू अशी पक्की झाली. उरले बाकीचे पाहुणे, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ.

आता व्हिडिओ म्हणजे पोरीचा फोटो आला. आणि पोरीचा खरा फोटो इंटरनेटवर टाकायचा? ज्ञानेश्वरीच्या अंगावर काटा आला. कोण कुठले लोक बघणार, कोणाची दृष्ट लागणार, कोण फोटोचं काय करणार! तिने एआयचं ॲप उघडलं. सगळी माणसं मशीननेच बनवायची. दृष्ट लागली तर मशीनच्या पोरीला लागेल!

तिने टाईप केलं, 'मराठी मामाच्या मांडीवर बाळ, बाळाचं जावळ, सगळे आनंदात.'

पहिल्या व्हिडिओत न्हावी सुटाबुटात आला आणि बाळाच्या गालाला दाढीचा साबण लावून बसला. दुसऱ्यात मामाच बाळाच्या मांडीवर बसला होता आणि बाळ बिचारं वजनाने वाकलं होतं. तिसरा मात्र असा जमला की काय सांगावं! गुळगुळीत गोटा केलेलं हसरं बाळ, आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेला गोरापान, रुंद खांद्यांचा, मिशीला पीळ दिलेला मामा!

ज्ञानेश्वरीने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्या लाडक्या सृष्टीचं जावळ!' आणि पार खाली, छान नक्षीच्या चौकटीत, 'रविवार, दि. २३. अगत्य येण्याचं करावं.' मग रीलवर टाकलं, स्टेटसला टाकलं, फोन सायलेंट केला आणि ती सृष्टीला थोपटायला बसली.

आता उभ्या व्हिडिओची एक खोड असते. पडद्याच्या खालच्या भागात ते ॲप स्वतःचाच संसार मांडतं. तिथे आपलं नाव येतं, बदाम येतो, गाण्याचं नाव सरकत राहतं. तारीख, वार आणि अगत्य, सगळं त्या गर्दीखाली गाडलं गेलं. लोकांना दिसलं एवढंच : सृष्टीचं जावळ, गोटा केलेलं बाळ आणि परका मामा!

दोन तासांनी दार वाजलं. शेजारच्या राहीबाई लोकरीचं टोपडं घेऊन उभ्या होत्या.

"आवतन न्हाई दिलं तर न्हाई दिलं गं बाई. पर पोरीचं डोस्कं उघडं ठिवू नगं. गार वारं सुटलंय."

त्या आत आल्या. पाळण्यात डोकावल्या. पाळण्यात सृष्टी बसली होती, आणि तिच्या डोक्यावर चांगलं बोटबोट लांब, दाट, कुरळं जावळ!

राहीबाईंनी डोळे चोळले. "अगं, दुपारी तर गोटा व्हता!"

"नाही हो काकू, ते..."

"दोन तासात एवढालं केस?" राहीबाईंनी आपल्या विरळ अंबाड्यावरून हात फिरवला आणि आवाज एकदम मऊ केला. "कंचं तेल लावलंस गं, ज्ञानेश्वरी? मला एकटीलाच सांग. कुनाला सांगायची न्हाई मी!"

त्यांची समजूत काढतेय तोवर वावरातून लंकाबाई आल्या. डोक्यावरचा गवताचा भारा त्यांनी अंगणात असा आदळला की सृष्टी दचकली.

"मी वावरात काय गेले, तुमी जावळ उरकून बसले? सारा रस्ताभर लोक मला इचारत्यात! अन तो देखना पाव्हना कोन?"

"आई, तो खरा माणूस नाही. मशीनचा आहे."

"मशीनवर हाय? कंच्या कारखान्यात?" लंकाबाईंचा राग अर्धा उतरला. "पगार चांगला असंल की मंग. लगीन झालंय का त्याचं? आपल्या अश्विनीला स्थळ बघतेच हाय मी!"

अश्विनी म्हणजे त्यांची भाची. ज्ञानेश्वरीने कपाळाला हात लावला आणि फोन उचलला. त्रेचाळीस मिस्ड कॉल! त्यातले एकवीस एकट्या बिभीषणचे. बाविसावा हातातच वाजला.

"ज्ञाने, कोन हाय तो?"

"कोण रे, दादा?"

"ज्याच्या मांडीवर माझी भाची बसलीया, तो!"

"अरे, तो कोणीच नाही!"

"कुनीच न्हाई? मिशीला पीळ मारून बसलाय, अन कुनीच न्हाई? मला तेवीस तारीख सांगितली, अन त्याला आजच बोलावलं? मी काय समदं उरकल्यावर नुसता नारळ फोडायला यायचं हुतं व्हय?"

"दादा, ऐक! तो माणूस या जगातच नाही!"



"म्हंजी मेलेल्या मानसाच्या मांडीवर बसवली पोरगी? मी जित्ता असताना? आता माझी मांडी इसर तू!"

फोन कट. ज्ञानेश्वरीने परत लावला, लागला नाही. आदिनाथने लावला, त्याचाही नाही. मामाने दोघांनाही ब्लॉक केलं होतं.

लंकाबाईंनी निकाल दिला, "मामा न्हाई तर जावळ न्हाई. तिसऱ्या वर्षापातूर घाला तिच्या केसाच्या दोन येन्या!"

ज्ञानेश्वरीला जेवण गेलं नाही. अकरा महिन्यांत पोरीने आपल्या मामाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता कायमचंच तुटायची वेळ आली होती. तेही आठ सेकंदांच्या व्हिडिओपायी!

सकाळी तिला वाटलं, मशीनने बिघडवलं ते मशीननेच दुरुस्त करू. दादाला त्याच्याच रूपात मामा करून दाखवू! तिच्या लग्नातला बिभीषणचा फोटो होता, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. तो तिने ॲपमध्ये घातला. सृष्टीचा मात्र घातला नाही, बाळ पुन्हा मशीनचंच. व्हिडिओ आला. ज्ञानेश्वरीने तो तब्बल सहा वेळा, डोळ्यांत तेल घालून बघितला. बाळाची बोटं पाच-पाच? आहेत. वस्तरा कानापासून लांब? आहे. मान नीट धरलीय? धरलीय. खाली रिकामी जागा? सोडलीय. आता कालची चूक नाही! तिने वर लिहिलं, 'दादा, आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत', आणि व्हिडिओ माहेरच्या भावकीच्या ग्रुपवर सोडला. बिभीषणने तिला ब्लॉक केलं असलं तरी त्या ग्रुपवर तो होता.

सहाही वेळा तिने बाळच पाहिलं होतं. मामाकडे बघायचं राहूनच गेलं! मशीनने हात सैल सोडून बाळाबरोबर मामाचंही डोकं तुळतुळीत करून टाकलं होतं. मिशीसकट!

आता आपल्याकडे बाप्यामाणसाने डोकं-मिशी उतरवली, अंगात पांढरे कपडे घातले आणि वर बहिणीने 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बाप गेला!

बाप, म्हणजे मच्छिंद्रतात्या, त्या वेळी मिरजगावात अंगणात बाज टाकून उन्हाला पाठ देऊन चहा पीत बसले होते. पहिल्यांदा वरच्या आळीतल्या चार बायका डोळ्याला पदर लावून वळणावर आल्या. एकीने तिथूनच सूर धरला होता, तो तात्यांना बघून घशातच अडकला. मागोमाग त्यांचे चुलतभाऊ मोटारसायकलवरून उतरले.

"कवा गेलं?" त्यांनी खाली मान घालूनच विचारलं.

"कोन?" तात्या म्हणाले.

"आपलं तात्या."

"तात्या? तात्या तर मी हाय!"

चुलतभाऊ मोटारसायकल तिथेच टाकून मागच्या मागे चार पावलं सरकले.

दुपारपर्यंत तीन घरांतून पिठलं-भाकरी आली. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीने पोचवायची ती. तात्यांनी आधी शिव्या घातल्या. मग कांदा फोडला. "माझ्याच नावाचं हाय, म्हंजी मीच खायला पायजे," म्हणाले आणि बसले जेवायला!

बिभीषण त्या वेळी टेम्पोत कांदा भरून कर्जतला निघालेला. नाक्यावर एकाने गाडी थांबवली, दार उघडलं आणि गळ्यातच पडला. "धीर धर, बिभीषणा. म्हातारं मानूस, सोनं झालं त्यांचं." दुसऱ्याने त्याची टोपी उचलून खाली पाहिलं. "केस काढलं न्हाईत अजून?"

 कांद्यासकट तो तिथूनच परत फिरला. टेम्पो बांधाबांधाने उडवत घरी आला, "तात्या!" असा हंबरडा फोडत अंगणात शिरला, तर तात्या ताटातलं पिठलं बोटाने निपटत होते.

"बस. भाकरी लई मऊ हाय," तात्या म्हणाले.

मग बिभीषण त्यांच्या गळ्यात पडून जो रडला, तो बघून आलेल्या बायांनाही अडकलेला सूर मोकळा करता आला.

संध्याकाळी ज्ञानेश्वरीचा फोन वाजला. 'दादा'. तिने सृष्टीला छातीशी घट्ट धरलं आणि फोन उचलला.



"ज्ञाने," बिभीषण म्हणाला, "काल तुझ्या मशीननं मामा बदलला. आज बाप मारला."

"दादा, चुकले रे. मी फक्त बाळाकडं बघत होते."

"तात्याला घट्ट धरलं तवा कळलं बघ, मी रुसून बसलो अन अकरा महिन्यात पोरीला येक डाव बी उचललं न्हाई."  मग खाकरून तो म्हणाला, "येतो मी आयतवारी. न्हाई आलो तर तिसऱ्या व्हिडिओत माझाच नंबर लावशील तू!"

आणि आला! तात्यांना घेऊन, परकर-पोलकं घेऊन, वर त्या भाकरीवाल्या तिन्ही घरांतली माणसं टेम्पोत घालून आला. रविवारी अंगणात पाट मांडला. बिभीषण मांडी घालून बसला. ज्ञानेश्वरीने सलूनवाल्या राधाकृष्णच्या हातात वस्तरा दिला.

"पातं नवं आहे ना? वस्तरा मी अर्धा तास उकळलाय."

"कळतंय ताई," राधाकृष्ण एका हातातून दुसऱ्या हातात वस्तरा झेलत म्हणाला, "चटकं बसत्यात!"

सृष्टीने आधी टाहो फोडला. बिभीषणने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "न्हाई गं माझी बाय, न्हाई गं," तो पुटपुटत राहिला. पहिली बट खाली पडली. सृष्टी रडायची थांबली, तिने वर पाहिलं आणि दोन्ही मुठींनी मामाची मिशी पकडली. बिभीषणच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिशीमुळे की कशामुळे, ते त्यालाच माहीत! ज्ञानेश्वरी तर आयुष्यात पहिल्यांदाच घाबरायचं विसरून गेली.

आदिनाथला काम एकच दिलं होतं, शूटिंग. फोन उभा धरून तो वीस मिनिटं जागचा हलला नव्हता. जेवणं झाल्यावर सगळे त्या मोबाईलभोवती गोळा झाले. व्हिडिओ सुरू झाला. पडदाभर आदिनाथ! कॅमेरा उलट्या बाजूचा चालू राहिला होता. पहिल्या बटेला आदिनाथ, शेवटच्या बटेला आदिनाथ, मध्ये एकदा नाक पुसणारा आदिनाथ.

 पोरीचा गोटा झाला होता, केस काही परत चिकटवता येणार नव्हते.

"म्हंजी माझ्या मांडीचा पुरावाच न्हाई?" बिभीषण हळूच म्हणाला. "मिरजगावात जाऊन काय दावू? दाजींचं नाक?"

तो उठला, इकडेतिकडे बघत ज्ञानेश्वरीला खांबाआड घेऊन गेला.

"ज्ञाने, ते मशीन हाय का अजून?"

"आहे की. का?"

"मंग येक बनव. खोटं कुठं हाय त्यात? बसलो तर मीच हुतो ना?" तो आणखी जवळ सरकला. "फकस्त पोट जरा आत घे."

"किती आत?"

बिभीषणने आपल्या पोटाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"मशीनला झेपंल तेवढं."